निवडणूक, नियम आणि न्यायालय: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतरचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली पाच वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता. जिल्हा परिषदेत मार्च २०२२ पासून हीच गत होती. या सगळ्या काळात तालमीत, चहाच्या टपरीवर, पंचायत समितीच्या आवारात एकच वाक्य कानावर यायचं: "कोर्टात अडकलंय." नेमकं काय अडकलं होतं, कोर्ट निवडणुकीत कधी हात घालतं, कधी घालत नाही आणि सामान्य मतदारानं कुठल्या दारात कधी जायचं, असे प्रश्न सतत येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

कोल्हापूरच्या निवडणुका पाच वर्षं रखडल्या त्या कोर्टामुळेच ना?

अर्धं खरं आहे. सुरुवातीला कोरोना होता, ते कारण सगळ्यांना मान्य होतं. खरी गुंतागुंत सुरू झाली ४ मार्च २०२१ रोजी. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं विकास गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सांगितलं की, स्थानिक संस्थांमध्ये ओबीसींना सरसकट २७ टक्के जागा देता येणार नाहीत. आधी तीन अटी पूर्ण करा. मागासलेपणाचा अभ्यास करणारा स्वतंत्र आयोग नेमा, त्याच्या शिफारशीनुसार प्रत्येक संस्थेसाठी आरक्षणाचं प्रमाण ठरवा आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसी मिळून आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. या अटी नव्या नव्हत्या. २०१० मध्ये कृष्णमूर्ती प्रकरणात घटनापीठानं त्या घालून दिल्या होत्या. मधली अकरा वर्षं आपल्या राज्यात कुठल्याही पक्षाच्या सरकारनं त्याकडे लक्ष दिलं नाही. हा दोष न्यायालयाच्या माथी मारता येणार नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये ओबीसी जागांवरच्या निवडणुकीला स्थगिती आली. मग ओबीसींच्या मागासलेपणाचा अभ्यास करायला बांठिया आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयापुढे आला. तोवर दुसरा घोळ तयार झाला होता. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं कायदा करून प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. सरकार बदलल्यावर, ऑगस्ट २०२२ मध्ये, आधीच्या सरकारनं वाढवलेली सदस्यसंख्या आणि नवी रचना रद्द झाली. त्याविरुद्ध याचिका गेल्या, 'जैसे थे'चा आदेश आला आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या.

ती कोंडी फुटली ६ मे २०२५ रोजी. सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की, बांठिया अहवालापूर्वी जे ओबीसी आरक्षण होतं ते धरून निवडणुका घ्या, चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका उरका. पुढे १६ सप्टेंबरला ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली गेली. हा आदेश २०२२ मध्येही देता आला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. १० मे २०२२ रोजी मध्य प्रदेशच्या सुरेश महाजन प्रकरणात याच न्यायालयानं सांगितलं होतं की, प्रभाग रचना किंवा आरक्षणाचं काम अपुरं आहे म्हणून निवडणूक पुढे ढकलता येणार नाही. तत्त्व स्पष्ट होतं. आपल्या बाबतीत ते तीन वर्षं कागदावर राहिलं आणि त्याची किंमत कोल्हापूरनं मोजली, इचलकरंजीनंही मोजली. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली. तिला पहिलं निवडून आलेलं सभागृह मिळायला २०२६ उजाडलं.

राज्यघटनेत तर पाच वर्षांचीच मुदत आहे. मग प्रशासक इतका काळ कसा राहू शकतो?

राहू शकत नाही, राहायला नको होता. महापालिका-नगरपालिकांसाठी अनुच्छेद २४३-यू आणि पंचायतींसाठी २४३-ई सांगतात की, मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. २००६ मध्ये अहमदाबादच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे आयोगाचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं. फक्त महापूर-भूकंपासारख्या खऱ्याखुऱ्या संकटाची सवलत दिली. कायदा इतका नि:संदिग्ध असताना राज्यभर प्रशासकांच्या हाती कारभार राहिला. स्थानिक स्वराज्याच्या बाबतीत गेल्या दशकातला सर्वांत मोठा घटनाभंग कुठला असं कुणी विचारलं, तर मी याच्याकडे बोट दाखवीन.

निवडणूक जाहीर झाल्यावर स्थगिती मागता येते का?

जवळजवळ नाहीच. १९५१-५२ मध्ये, देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू असतानाच, मद्रास राज्यातल्या नामक्कलच्या एन. पी. पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज बाद झाला. ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, 'निवडणूक' म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक. तिच्या मध्ये कुणालाही रिट याचिका आणता येणार नाही. जे काही म्हणायचं ते निकालानंतर, निवडणूक याचिकेतून. लोकसभा-विधानसभेसाठी हा बांध अनुच्छेद ३२९ मध्ये आहे, पंचायतींसाठी २४३-ओ मध्ये आणि नगरपालिका-महापालिकांसाठी २४३-झेडजी मध्ये.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याला हा नियम कठोर वाटतो. पण उलटी बाजू बघा. कोल्हापूर महापालिकेत २० प्रभाग आणि ८१ जागा आहेत. प्रत्येक नाराज इच्छुकाला स्थगिती मिळू लागली, तर एकही निवडणूक वेळेत होणार नाही आणि सत्तेत बसलेल्याला निवडणूक टाळायला फक्त एक वकील लावावा लागेल.

तरीही दार पूर्ण बंद नाही. २००० मध्ये अशोककुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, निवडणूक अडवण्यासाठी न्यायालय हात घालणार नाही, पण ती सुरळीत पार पडावी म्हणून मदतीचा आदेश देऊ शकतं. आपल्या शेजारच्या गोव्यातलं २०२१ चं फौझिया शेख प्रकरण याचं चांगलं उदाहरण आहे. तिथल्या नगरपालिकांत महिलांना कायद्यानं ठरलेल्या एक तृतीयांश जागा दिल्याच नव्हत्या. उच्च न्यायालयानं ते आरक्षण रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला. जाता जाता एक फार मोलाची गोष्टही सांगितली: सरकारी पदावर असलेल्या माणसाला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही. गोव्यात तेव्हा विधी सचिवांकडेच तो कार्यभार होता.

आमच्या गावाचा गट तोडून भलत्याच गावांना जोडला. आता काय?

'आता' म्हणजे कधी, यावर सगळं अवलंबून आहे. प्रारूप रचना जाहीर झाली असेल आणि हरकतींची मुदत चालू असेल, तर आजच लेखी हरकत द्या. जिल्हा परिषद गट आणि पंचायत समिती गणांच्या हरकती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातात आणि विभागीय आयुक्त सुनावणी घेतात. महापालिकेच्या प्रभागांच्या हरकती महापालिकेत द्यायच्या. हरकतीत भावना लिहू नका, नियम लिहा. प्रगणक गट (जनगणनेसाठी आखलेला घरांचा गट) फोडला का, नदी-रस्ता-रेल्वे अशी नैसर्गिक हद्द सोडली का, लोकसंख्येचं प्रमाण बिघडलं का, उत्तरेकडून सुरुवात करून क्रमानं जायचं असतं तो क्रम पाळला का, हे दाखवा. शाहूवाडी, चंदगड, गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यांत नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये घाट असतो. तो मुद्दा अंतर आणि रस्त्यासह मांडला तर त्याला वजन येतं.

हरकत दिली नसेल, तर पुढे न्यायालय पहिला प्रश्न हाच विचारतं: तेव्हा कुठे होता? हरकत फेटाळली गेली असेल, तर निवडणूक कार्यक्रम जाहीर व्हायच्या आत उच्च न्यायालयात जावं लागतं. कार्यक्रम जाहीर झाला की वर सांगितलेला बांध आडवा येतो.

आरक्षणाच्या चक्रानुक्रमाबद्दलही, म्हणजे राखीव जागा पाळीपाळीनं फिरवण्याच्या क्रमाबद्दलही, असंच झालं. २०२५ च्या नव्या नियमांत ही निवडणूक चक्रानुक्रमासाठी 'पहिली' मानली गेली. त्यामुळे आपला गट यंदा खुला होईल म्हणून तयारीला लागलेल्या अनेकांचा हिरमोड झाला. नियमांना दिलेलं आव्हान मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. कायद्यानं तो अधिकार सरकारला होता, हे खरं. पण वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या गावाचा क्रम पुन्हा शून्यापासून मोजणं न्याय्य होतं, असं मला वाटत नाही.

सर्किट बेंच झाल्यानं निवडणुकीच्या बाबतीत काय फरक पडला?

फार मोठा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. वकिलांनी आणि नागरिकांनी त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला होता.

निवडणुकीच्या कामात दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. हरकत फेटाळल्याचा आदेश संध्याकाळी हातात पडला, तर पूर्वी रात्रीची गाडी धरून जवळपास चारशे किलोमीटरवर मुंबई गाठायची, तिथे वकील शोधायचा, कागद पुन्हा टाइप करून घ्यायचे. पन्हाळ्याच्या किंवा आजऱ्याच्या शेतकऱ्याला हे परवडणारं नव्हतं; तो गप्प बसायचा. आता भाऊसिंगजी रोडवर जाऊन दाद मागता येते. याचा अर्थ दाद मिळेलच असा नाही. न्यायालय जवळ आलं तरी निवडणुकीतल्या हस्तक्षेपाची मर्यादा तीच आहे.

छाननीत माझा अर्ज बाद झाला. अपील आहे का?

निवडणूक कुठली, ते आधी बघा. नगरपरिषद आणि नगरपंचायतीच्या निवडणुकीत निर्वाचन अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. त्याची मुदत मोजून तीन दिवसांची, म्हणून वकील आधीच बघून ठेवा. महापालिकेत आणि ग्रामपंचायतीत अशी मधली पायरी नाही, थेट निकालानंतरची याचिका.

या अपिलांचा परिणाम किती दूरवर जातो ते आपण नुकतंच पाहिलं. नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला होतं. ज्या ठिकाणी अपिलांचे निकाल उशिरा लागले, तिथलं मतदान आयोगानं ऐनवेळी २० डिसेंबरवर नेलं. मग नागपूर खंडपीठानं आदेश दिला की, आधीच्या निकालाचा प्रभाव पुढच्या मतदानावर पडू नये म्हणून सगळी मतमोजणी २१ डिसेंबरलाच करा. राज्यातल्या मतपेट्या, म्हणजे आताची यंत्रं, जवळपास तीन आठवडे बंद राहिली. उमेदवारांची झोप उडाली, पण तो आदेश योग्य होता. निवडणूक न थांबवता ती निकोप ठेवायची कशी, याचा तो नमुना म्हणावा लागेल.

मतदार यादीत नाव नाही, किंवा दुसऱ्याच प्रभागात गेलंय. कोर्टात जाऊ?

आधी तहसील कार्यालयात जा. राज्य निवडणूक आयोगाची वेगळी यादी नसते. विधानसभेची जी यादी ठरावीक तारखेला अस्तित्वात असते, तीच प्रभागांत विभागून वापरली जाते. २०२५-२६ च्या निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेऊन चुकीचा प्रभाग दुरुस्त होतो, पण नवं नाव तिथे घालता येत नाही. त्यासाठी नमुना ६ भरून विधानसभेच्या यादीतच नाव यावं लागतं, आणि तेही त्या तारखेच्या आत. नाव घ्यायला किंवा वगळायला नकार मिळाला, तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील आहे.

याद्यांबाबत न्यायालय अगदीच हात बांधून बसतं असं समजू नका. बिहारमध्ये मतदार याद्यांच्या विशेष पुनरीक्षणात सुमारे ६५ लाख नावं वगळली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२५ रोजी ती सगळी नावं कारणांसह जाहीर करायला लावली. वगळलं ते का वगळलं, हे सांगण्याचं बंधन त्यामुळे आयोगावर आलं. आपलं नाव अचानक गायब झालं, तर हेच कारण लेखी मागा.

निकालानंतर दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची?

हा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा मुदत उलटून गेल्यावर. ग्रामपंचायतीसाठी निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी १५ दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे. नगरपरिषदेसाठी निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत जिल्हा न्यायालयात. कोल्हापूर किंवा इचलकरंजी महापालिकेसाठी निकालापासून १० दिवसांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. इथे पराभूत उमेदवारच हवा असं नाही, यादीतला मतदारही अर्ज करू शकतो. विधानसभा आणि लोकसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, सोबत २,००० रुपये अनामत.

एक दिवस उशीर झाला म्हणून कोर्ट समजून घेईल, ही आशा सोडा. लोकसभा-विधानसभेच्या याचिकेला उशीर माफ करण्याची तरतूदच लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्येच स्पष्ट केलं आहे.

थोड्या मतांनी हरलो. फेरमोजणी मिळेल का?

फेरमोजणीचा पहिला अर्ज मतमोजणीच्या टेबलाजवळच द्यायचा असतो, लेखी, कारणासह आणि निकाल जाहीर व्हायच्या आत. तिथे प्रतिनिधी गप्प बसला, तर नंतरची लढाई फार अवघड होते. कमी फरक एवढंच कारण पुरत नाही; कुठल्या केंद्रावर कुठल्या फेरीत काय चुकलं ते सांगावं लागतं.

पण ठोस मुद्दा असेल, तर न्यायालय किती दूर जाऊ शकतं याचं विलक्षण उदाहरण हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावाचं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका मतदान केंद्राचे आकडे लिहिताना अदलाबदल झाली, असा पराभूत उमेदवाराचा आक्षेप होता. प्रकरण वर चढत गेलं आणि सर्वोच्च न्यायालयानं गावातली यंत्रं थेट दिल्लीला आपल्या आवारात मागवली, निबंधकाकरवी, चित्रीकरण करून मोजणी केली. हरलेला उमेदवार १,०५१ विरुद्ध १,००० मतांनी जिंकला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला सरपंच घोषित केलं. एका गावच्या सरपंचपदासाठी देशातलं सर्वोच्च न्यायालय मतं मोजायला बसतं, यात मला मोठा आधार वाटतो. पावणेतीन वर्षं दुसराच माणूस त्या खुर्चीवर बसला होता, हेही मी विसरू शकत नाही.

महापौर निवडीबाबत चंदीगडचं प्रकरण आपल्या नगरसेवकांनी वाचावं. ३० जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत पीठासीन अधिकाऱ्यानं आठ मतपत्रिकांवर स्वतः खुणा करून त्या बाद ठरवल्या, आणि ते कॅमेऱ्यात दिसलं. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं निकाल रद्द केला आणि फेरनिवडणुकीत वेळ न घालवता खऱ्या विजेत्यालाच महापौर घोषित केलं.

ईव्हीएमबद्दल कोर्टानं काय म्हटलंय?

गंमत अशी की, यंत्राविरुद्धचा पहिला खटला यंत्राच्या विरोधातच लागला. १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रं वापरली होती. कायद्यात तरतूदच नाही म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथे फेरमतदान घ्यायला लावलं. नंतर कायदा बदलला. २०१३ मध्ये मतपावतीचं यंत्र (व्हीव्हीपॅट) टप्प्याटप्प्यानं लावण्याचा आदेश झाला, २०१९ मध्ये प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांच्या पावत्या मोजायला सांगितलं. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व पावत्या मोजण्याची आणि मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत खर्च भरून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा हक्क मिळाला.

हे सगळं लोकसभा-विधानसभेचं झालं. आपल्या राज्यातल्या स्थानिक निवडणुकीत मतपावतीचं यंत्रच नव्हतं. चार जागांच्या प्रभागात ते तांत्रिकदृष्ट्या जमत नाही, असं आयोगाचं म्हणणं. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. मतदाराला पावती दिसणं हा पारदर्शकतेचा भाग असेल, तर तो कोल्हापूरच्या प्रभागातही असायला हवा.

पैसे वाटतानाचा व्हिडिओ आहे. तेवढा पुरे का?

नाही. इथेच बहुतेक याचिका गळपटतात. लाच देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० खाली गुन्हा आहे आणि निवडणूक कायद्यात भ्रष्ट आचरणही आहे. पण भ्रष्ट आचरण सिद्ध करायला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागतो: कुणी, कुणाला, कुठे, केव्हा, किती आणि उमेदवाराच्या संमतीनं का.

व्हिडिओबद्दलचा सगळ्यांत महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातला आहे. २०१४ च्या विधानसभेत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटल्यावर घेतला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि निर्वाचन कार्यालयातल्या चित्रीकरणात घड्याळाची वेळ टिपली गेली होती. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवड रद्द केली. अपिलात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम ठेवला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत ती कशी तयार झाली हे सांगणारं प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं निर्विवाद केलं. मूळ मोबाइलच न्यायालयात हजर केला, तर गोष्ट वेगळी. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली क्लिप मात्र प्रमाणपत्राशिवाय निरुपयोगी. ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

आणखी एक घाई. मतदान केंद्रावरचं सीसीटीव्ही चित्रीकरण याचिका दाखल नसेल, तर ४५ दिवसांनी नष्ट करण्याच्या सूचना केंद्रीय निवडणूक आयोगानं २०२५ मध्ये दिल्या आहेत. पुरावा हवा असेल, तर याचिका आणि चित्रीकरण जतन करण्याची मागणी एकाच दिवशी करा.

जालन्याच्या निकालाकडे पुन्हा एकदा बघा. २०१४ ची निवडणूक, शेवटचा शब्द २०२० मध्ये. त्या विधानसभेची मुदत २०१९ मध्येच संपली होती. कायदा सहा महिन्यांत याचिका निकाली काढण्याचा प्रयत्न करा असं सांगतो. हा प्रयत्न कुठेच दिसत नाही. आपल्या न्यायव्यवस्थेनं यावर गंभीरपणे विचार करायला हवा, कारण मुदत संपल्यावर मिळालेला विजय मतदाराच्या काहीच उपयोगाचा नसतो.

जात वैधता प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही तर खरंच पद जातं?

जातं. कोल्हापुरानं हे सोसलं आहे. राखीव जागेवरून निवडून आलेल्यानं हमीपत्रात दिलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र सादर केलं नाही, तर निवड आपोआप रद्द होते, ही मुदत बंधनकारक आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं डिसेंबर २०१६ मध्ये ठरवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि आपल्या महापालिकेतल्या कितीतरी नगरसेवकांची पदं एका झटक्यात धोक्यात आली. मग सरकारनं कायदा बदलून मुदत वाढवली. यातल्या पुष्कळांची जात खोटी नव्हती. पडताळणी समितीकडे प्रकरणं साचली होती. समितीच्या विलंबाची शिक्षा सदस्याला आणि त्याला मत देणाऱ्या प्रभागाला का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. तूर्त उपाय एकच: निवडणुकीची वाट न बघता प्रस्ताव दाखल करा आणि पोच जपून ठेवा.

५० टक्क्यांची मर्यादा ओलांडलेल्या ठिकाणी निवडून आलेल्यांचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगानं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की, राज्यातल्या ५७ नगरपरिषदा-नगरपंचायतींत आरक्षण ५० टक्क्यांच्या वर गेलं आहे. २८ नोव्हेंबरच्या आदेशानुसार तिथलं मतदान झालं, पण निकाल अंतिम निर्णयाच्या अधीन राहिले. आपली जिल्हा परिषद मर्यादेच्या आत होती, म्हणून फेब्रुवारी २०२६ मध्ये तिची निवडणूक होऊ शकली. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या, त्या गावात हा आकडा कुणाला परका वाटत नाही. पण महाराजांच्या आदेशात ती किमान हमी होती. आजच्या न्यायनिर्णयांत ती कमाल मर्यादा आहे. दोन्ही सरमिसळ करून वाद घालू नये.

उमेदवारानं शपथपत्रात माहिती लपवली तर?

मतदाराला उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण कळलं पाहिजे, हा हक्क २ मे २००२ च्या निकालानं मिळाला. गुन्हे लपवणं हे मतदारावर गैरवाजवी दबाव आणण्यासारखं आहे, असं २०१५ मध्ये ठरलं. तो खटला तमिळनाडूतल्या एका पंचायत अध्यक्षाचा होता, म्हणजे गावपातळीलाही तो लागू. मात्र एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की, प्रत्येक बारीकसारीक वस्तू न दाखवणं म्हणजे लपवणं नव्हे. राहणीमानावर प्रकाश टाकणारी मोठी मालमत्ता दडवली असेल तरच मुद्दा टिकतो.

नगरसेवकानं पक्ष किंवा आघाडी बदलली तर कोर्टात जायचं?

आधी नाही. १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली महापालिकेसाठी विभागीय आयुक्त आणि जिल्हा परिषद, नगरपरिषदेसाठी जिल्हाधिकारी निर्णय देतात. निकालानंतर गटनोंदणी होते, तिचे कागद महत्त्वाचे. कोल्हापुरात पक्षाच्या चिन्हापेक्षा स्थानिक आघाड्यांचं राजकारण जुनं आहे, त्यामुळे हा वाद आपल्याकडे वारंवार येतो.

'नोटा'ला सगळ्यांत जास्त मतं पडली तर?

विधानसभेला काही होत नाही, पुढचा उमेदवार जिंकतो. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की, नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर फेरनिवडणूक घ्यायची.

दूध संघ, साखर कारखाना, जिल्हा बँक यांनाही हेच नियम?

नाही, आणि आपल्या जिल्ह्यात याच निवडणुका कधीकधी विधानसभेपेक्षा चुरशीच्या होतात. त्या राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण घेतं, आणि निकालानंतरचा वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली जातो. घटनेतला बांध सहकाराला थेट लागू नाही. तरीही २००१ मध्ये एका दूध उत्पादक संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मतदार यादी तयार करणं हाही निवडणुकीचाच भाग आहे. प्रक्रिया सुरू झाल्यावर उच्च न्यायालयानं मध्ये पडू नये. म्हणून ठरावधारकांच्या (संस्थेनं ठराव करून मतदानासाठी नेमलेल्या प्रतिनिधींच्या) यादीवरचा आक्षेप कच्च्या यादीच्या टप्प्यावरच घ्या. संस्थेचा ठराव कुणाच्या नावे झाला, सभेला कोण हजर होतं, इतिवृत्तावर सह्या कुणाच्या, या कागदांच्या प्रती त्याच आठवड्यात मागा.

याचिका चालू असताना निवडून आलेला सदस्य काम करू शकतो का?

करू शकतो. न्यायालयानं वेगळी स्थगिती दिली नसेल, तर तो सभेत बसतो, मत देतो, निधी सुचवतो. विधानसभा-लोकसभेच्या बाबतीत तर कायद्यातच लिहिलं आहे की, पुढे निवड रद्द झाली तरी तोवर त्या सदस्यानं केलेलं काम अवैध ठरत नाही. म्हणून याचिका लवकर चालवून घ्यायची जबाबदारी दाखल करणाऱ्याचीच असते. पहिल्याच तारखेला मुद्दे निश्चित करण्याची विनंती करा, साक्षीदारांची यादी तयार ठेवा आणि स्वतःहून तारीख वाढवून मागू नका.